ब्रेक हलका ठेवा

बाबांनी गळ टाकायला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांना मासे नको होते. त्यांना काका हवे होते.

आजोबा हॉस्पिटलमध्ये वारले तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं. काका चहा प्यायला खाली उतरले होते आणि बाबा गाडी लावायला गेले होते. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. काका दर रविवारी तलावावर एकटेच गळ टाकून बसतात हे कळल्यावर बाबा म्हणाले, आपणही गळाचा दोरा गुंडाळायचं एक रीळ घेऊ. शेजारी बसायला काहीतरी कारण हवं.

"घरात फोन आहे," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

बाबांनी ऐकलं नाही. (ते पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीवर बसतात. दिवसभर गावाचं ऐकून झाल्यावर घरच्यांसाठी त्यांच्याकडे कान उरत नाही.)

काठी शेजाऱ्यांनी जुनी दिली. रिळाचा अभ्यास मी केला. छोट्या माशांना छोटं, वजनाला हलकं रीळ पुरतं. आत बेअरिंग किती यापेक्षा ते किती गुळगुळीत फिरतं ते पाहावं, आणि दोरा धरणारा ब्रेक हळूहळू आवळता आला पाहिजे. तयारी अशी चोख होती. फक्त दुकानात कोणालातरी बोलावं लागतं, हे राहून गेलं होतं. बाबांनी बोलायला मला नेलं होतं आणि मी बाबांना.

दुकानदाराने काचेवर तीन रिळं मांडली. एक महाग. एक स्वस्त, खोक्यावर सोनेरी अक्षरांत बारा बेअरिंग, आणि हँडल दुधाच्या दातासारखं हलणारं. मधल्याचा मात्र फिरवताना आवाजही येत नव्हता, आणि किंमतही बेताची होती.

"मधलं," मी म्हणाले.

"काय?" दुकानदाराने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

त्याने पुढे सरकवलेलं सोनेरी अक्षरांचं रीळ घेऊन आम्ही निघालो. निघताना दुकानदाराने बाबांना सांगितलं, की मासे हलके आहेत, तर ब्रेक हलका ठेवा. हलका म्हणजे किती, हे विचारायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा बाबांनी घरी येऊन ब्रेकचं बटण फिरेल तितकं सैल केलं.

रविवारी आभाळ मळकट होतं आणि तलाव त्याहून. काका पायरीवर बसले होते. बाबा त्याच पायरीवर, पण दवाखान्यात अनोळखी माणसं बसतात तेवढं अंतर ठेवून बसले. मला मधे बसवलं.

काका पाण्याकडे बघत मला म्हणाले, की त्याला सांग, तिथे शेवाळ आहे, गळ अडकेल. बाबांना ते स्वच्छ ऐकू आलं होतं, पण मी सांगेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी मला काकांचा गुडघा कसा आहे ते विचारायला लावलं. काका म्हणाले, सांग, आहे तिथेच आहे. (दोघांनाही आधीच ऐकू आलेले निरोप मी पोचवत होते. इतकी बिनकामाची नोकरी पाणीखात्यातही नसेल.)

आणि काठी वाकली. रीळ करकरू लागलं. बाबा उठून हँडल फिरवू लागले. फिरवतच राहिले. दोरा मात्र आत येण्याऐवजी बाहेर चालला होता. बाबा जितक्या जोरात फिरवत तितकं रीळ करकरे, आणि मासा आपला पलीकडच्या काठावरच्या पाहुण्यांकडे निघालेला.

"त्याला सांग, ब्रेक आवळ म्हणावं," काका मला म्हणाले.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. (वर्गात फळ्यासमोर उभं केलं की होतं तसं.)

"सांग ना गं."

दोरा संपत आला होता. रिळाचं खालचं प्लास्टिक दिसायला लागलं होतं.

काका उभे राहिले. "अरे, ब्रेक आवळ."

बाबांनी मान वळवली. "कुठला ब्रेक, दादा?"

काका गुडघ्याची पर्वा न करता धावत आले आणि त्यांनी रिळाच्या तोंडावरचं बटण जरासं फिरवलं. पण त्या ब्रेकला जरासं माहीतच नव्हतं. एक तर पूर्ण सैल, नाहीतर पूर्ण घट्ट. टक् असा आवाज झाला आणि काठी सरळ झाली. तुटलेला दोरा पाण्यावर पडून राहिला.

दोघं तसेच उभे. काकांचा हात रिळावर, बाबांचा काठीवर.

"मी आधीच उठायला हवं होतं," काका म्हणाले. "बाजूलाच तर होतो."

"या वेळी दोघंही होतो, दादा," बाबा म्हणाले. "तरी गेलाच."

एवढ्याशा माशासाठी कोणी इतका वेळ पाण्याकडे बघत राहत नाही. मी चपलेतला खडा काढत बसले. खडा नव्हता.

मग ते एकाच पायरीवर टेकले. त्या दिवशीचा चहा आपण प्यायलोच नाही, नुसता हातात धरून उभा होतो, असं काकांनी सांगितलं. बाबांनी सांगितलं की गाडीला जागा लगेच मिळाली होती. वर यायची भीती वाटली म्हणून ते आतच बसून राहिले होते. बोलत बोलत दोघं उठले, बोलत बोलत चढ चढले. काका काहीतरी म्हणाले आणि बाबा हसले. खोकल्यासारखं, पण हसले.

मी उरलेला दोरा गुंडाळत होते. गाडीची दारं लागली, गाडी सुरू झाली. हाक मारायला हवी होती. पण इतक्या दिवसांनी ते बोलत होते, मधेच तोडणं बरं दिसलं नसतं. (शिवाय आवाज येईल याची खात्री नव्हती.) गाडी वळणाआड गेली.

मी काठी मांडीवर घेऊन बसून राहिले. वारा गार झाला, पलीकडचा काठ दिसेनासा झाला. मग कधीतरी वरून गाडीच्या दिव्यांचा उजेड पडला आणि बाबा धापा टाकत पायऱ्या उतरून आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला फार बरं वाटलं.

"इथेच आहे, दादा," त्यांनी वर ओरडून सांगितलं. "मी म्हटलं ना, कोणी नेलं नसेल."

आणि माझ्या मांडीवरून काठी उचलून ते रीळ रुमालाने पुसू लागले.

काकांनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आणि तू गं? तू मागच्या सीटवर नव्हतीस होय?"