आधी कपाट, मग नमस्कार

आमचे अण्णामामा कुणाच्याही वास्तुशांतीला गेले की देवाला हात जोडण्याआधी कपाट उघडतात. आत डोकं घालून दीर्घ वास घेतात आणि भर पाहुण्यांत निकाल देतात, "प्लायवूडचा गोंद अजून वास सोडतोय. इथं इतक्यात झोपू नका." मग घरभर खिडक्या उघडत फिरतात. नात्यात आता त्यांना मुहूर्त न सांगता थेट जेवणाची वेळ सांगतात.

कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं, "अरे, साठवणीच्या कांद्यालासुद्धा चाळीत वारा लागतो. माणसाला नको?"

पाथर्डी फाट्याला मी फ्लॅट घेतला. मुहूर्त गाठायचा म्हणून रंगारी आदल्या संध्याकाळपर्यंत हात मारत होता. पूजेला आमचे साहेब सपत्नीक आले. होम नीट पेटावा म्हणून गुरुजींनी खिडक्या लावून घेतल्या होत्या; मामांनी त्या धडाधड उघडल्या. राख उडाली ती नेमकी साहेबांच्या पत्नीच्या पैठणीवर. वर मामा माझ्या तान्ह्या लेकीकडे बघून म्हणाले, "हिला आज इथं निजवू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वास्तुशांतीच्या रात्री घरात झोपायचंच असतं, हे काय त्यांना ठाऊक नाही? मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, तुम्ही जेवून निघा."

लेक रात्रभर डोळे चोळत रडली. सकाळी तिला आणि बायकोला सासुरवाडीला सोडलं आणि खाली मान घालून मामांकडे गेलो.

मामी त्यांच्या विक्षिप्तपणाला कंटाळून पिंपळगावला भावाकडे गेल्या, असंच आम्ही समजत होतो. त्यानंतर त्या घरी मी गेलोच नव्हतो. आत पलंग नाही, सोफा नाही, कपाटं नाहीत. खिडक्या सताड उघड्या.

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "हौसेनं केलं होतं रे सगळं फर्निचर तिच्यासाठी. पॉलिशवर धूळ नको म्हणून खिडक्या बंद ठेवल्या. ती म्हणायची, छाती भरते. मी म्हणालो, तुला नवं काही सोसतच नाही. शेवटी दवाखान्यातून भावानं तिला परस्पर नेलं." त्यांनी रिकाम्या खोलीकडे हात केला. "आता सगळं काढून टाकलंय. पण इथंच राहून मला कळत नाही. वास येतो का अजून?"

मी भिंतींना नाक लावत घरभर फिरलो. नुसता चहाचा वास होता.

"नाही येत, मामा."

"मग तूच सांग तिला. मला तोंड नाही."

मी फोन लावला. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे ते स्वतः का नाही सांगत?"

मी फोन मामांपुढे धरला. त्यांनी तो कानाला लावला, दोनदा घसा खाकरला.

"खिडक्या उघड्या आहेत," ते म्हणाले.