संगीत खुर्चीतल्या मथुराबाई

आमच्या कॉलनीत कोणाच्याही पोराचा वाढदिवस असो, संगीत खुर्चीत पहिला नंबर मथुराबाईंचा. वय साठीच्या पुढे, नऊवारी, डोक्यावर पदर आणि पदरावर चमकीची कागदी टोपी. टेप थांबला रे थांबला की त्या धप्पकन बसायच्या आणि ओरडायच्या, "मनी खुर्ची शे!" खाली एखादं पोर चेपलं गेलं तरी उठायच्या नाहीत.

बाई मूळच्या सटाण्याकडच्या, बोली अहिराणी: 'मनी' म्हणजे माझी आणि 'शे' म्हणजे आहे. मुलगा ओझरच्या कारखान्यात लागला म्हणून नाशकात आल्या. नव्वदनंतरचा तो काळ. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे आईनं ओवाळलं की संपला. आता केक, फुगे, वेफर्स आणि शिवाय येणाऱ्या प्रत्येक पोराला रिटर्न गिफ्ट! मथुराबाई आमंत्रणाची वाट बघत नसत. दारात येऊन थेट विचारायच्या, "गिफ्ट काय शे?"

सून बिचारी कानकोंडी व्हायची. "आई, तुम्ही लहान आहात का आता?"

"मंग कव्हं होऊ?"

आम्ही बाकीचे मोठे पोरांना मुद्दाम जिंकू द्यायचो. पोरांना ते कळायचं आणि खेळाची मजाच जायची. मथुराबाई मात्र खरोखरीचं खेळायच्या. रडीचा डाव करायच्या, हरल्या की रुसून बसायच्या. त्यामुळे पोरं आधी त्यांनाच बोलवायची.

माझ्या पल्लवीच्या वाढदिवसाला बक्षीस होतं लोहचुंबकाच्या झाकणाचा कंपास. तो मथुराबाईंनी सकाळपासून दोनदा येऊन उघडझाप करून पाहिला होता. त्यांना तो हवाच होता.

संध्याकाळी खेळ रंगला. दोन खुर्च्या उरल्या, खेळायला तिघं: पल्लवी, शेजारचा बंटी आणि मथुराबाई. टेप सुरू झाला आणि पळता पळता बाई मध्येच थांबल्या.

दारात माझी भाची मंदा उभी होती. विंचूरहून आलेली माझी बहीण आत वडे तळत होती, म्हणून तान्हा भाऊ मंदाच्या कडेवर. पोरगी असेल आठ-नऊ वर्षांची. पाय मात्र गाण्यावर ताल धरत होता.

"दे त्याले इकडे," मथुराबाई म्हणाल्या.

"नको आजी, तो रडतो."

"रडू दे. सगळा भाऊ मना कडेवर वाढनात. माले नको शिकाडू."

बाळ काढून घेऊन त्यांनी मंदाला आपल्या जागी ढकललं. "चीटिंग, चीटिंग!" बंटी ओरडला. बाईंनी असे डोळे वटारले की तो पुन्हा पळायला लागला.

सवय नसलेली मंदा लगेच आऊट झाली, पण पोट धरून हसत होती. पुढे कंपास बंटीनं पटकावला. मथुराबाईंनी त्याच्याकडे बघून एक मोठा सुस्कारा सोडला. मला मात्र हायसं वाटलं. एवढ्या भरल्या घरात ही पोरगी निदान एकीला तरी दिसली होती.

खेळ संपल्यावर मंदा बाळाला घ्यायला हात पुढे करून आली. मथुराबाईंनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिच्याकडे चक्क पाठ फिरवली.

"आजून एक डाव शे," त्या म्हणाल्या. "जाय, पळ."