बाकावरचा मामा

आधीच माफी मागून ठेवतो. या गोष्टीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच सापडतील. भारी शब्द लिहायला गेलं की पेन अडतं. ज्या मामाची ही गोष्ट आहे तो आणि ती लिहिणारा, दोघांची शाळा आठवीत एकाच बाकावरून सुटली, आणि दोघांना शर्टही एकाच मापाचा लागतो. यापेक्षा जास्त कृपा करून विचारू नये.

मामाने "बरं" म्हटलं, तिथून सगळं सुरू झालं. त्याला "नाही" म्हणताच येत नाही. तो सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाइकाने हिरव्या सोफ्याला जांभळ्या उशा मागितल्या तरी तो बरं म्हणतो आणि शिवताना दुसरीकडे बघतो. मग ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, भाजी चिरता चिरता "उद्या टिचकीच्या शाळेत तू बस" असं सांगितलं, तेव्हाही तो बरं म्हणाला. कुठे बसायचं ते त्याने नंतर विचारलं. "तिच्या शेजारी. बाकावर. दिवसभर," ताई म्हणाली. मामाच्या हातातला चहा बशीत सांडला.

टिचकी ही ताईची मुलगी. आठवीत आहे. अंगाने काडी, पण पळायला लागली की नुसती वेणी दिसते. तिने शाळेत काय केलं होतं, तर ऑफिसबाहेरचं घंटेचं बटण एक तास आधीच दाबलं होतं. नुसतं दाबलं असतं तर मिटलं असतं. पण शाळा सुटली. मुलं सुटली, आणि मुलांच्या पुढे शिक्षक सुटले. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, फोनवर बोलत होत्या. फोन ठेवून बाहेर आल्या तर शाळेत त्या, शिपाई आणि दारात कुणाची तरी राहिलेली एक चप्पल. गणिताचे सर सगळ्यांत आधी फाटकाबाहेर गेले होते असं शिपायाने सांगितलं. आता बाई सरांना तर निलंबित करू शकत नव्हत्या. राहिली टिचकी.

पूर्वी त्या शाळेत तीन दिवस घरी बसवायची शिक्षा होती. पण मुलं घरी बसून टीव्ही बघून गुबगुबीत होऊन परत यायची, आणि बाकीची मुलं आपला नंबर कधी लागतो म्हणून खोड्या शोधायची. म्हणून बाईंनी नवा नियम काढला. तीन दिवस घरी बसा, नाहीतर एक दिवस पालकाला घेऊन वर्गात बसा. मूल आणि पालक एकाच बाकावर, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. तेव्हापासून खोड्या एकदम कमी झाल्या. पालकच पोरांच्या पाया पडायला लागले.

टिचकीला तीन दिवस घरी बसणं परवडणारं नव्हतं. शनिवारी शाळांच्या रिले शर्यती होत्या, शेवटचा टप्पा तिचा होता, आणि निलंबित मुलाला मैदानावर पाय ठेवू देत नव्हते. तिचे बाबा ट्रक घेऊन दूर गेलेले. ताई दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी बदलता येईना. उरला मामा. "शनिवारी ही पळाली नाही तर तू दुकानातच सोफ्यावर झोप," ताईने प्रेमाने सांगितलं.

शाळेत जाताना टिचकीने त्याला अटी घातल्या. बोलायचं नाही. हसायचं नाही. कुणाकडे बघून हात हलवायचा नाही. आणि वर्गात तिला "बाळा" म्हणायचं नाही. मामा बरं म्हणाला. (या सगळ्या गोष्टी तो शाळेत असतानाही करत नव्हता, तरी त्याला काढलं होतं.) मोठ्या बाईंनी दारातच आणखी एक अट घातली: या बाकावर आज काहीही गडबड झाली, कुणीही केली, तरी ती टिचकीच्या नावावर धरली जाईल. मामाने बाईंच्या चपलांकडे बघत मान हलवली. बाईंसमोर उभं राहिलं की त्याला अजूनही चपलाच दिसतात.

वर्गातली बाकं तीन-तीन मिळून एका लांब लोखंडी पट्टीला नटाने जोडलेली होती, पोरांनी ओढू नयेत म्हणून. मामा बसला आणि बाक कुरकुरलं. मामाने श्वास घेतला, बाक कुरकुरलं. भाषेच्या बाईंनी वर बघितलं. मामाने श्वास कमी केला. इतिहासाच्या तासाला कुठला तरी राजा मरत होता, सगळा वर्ग गंभीर, आणि राजाने प्राण सोडायला आणि मामाने पाय हलवायला एकच गाठ पडली. वर्ग हसत सुटला. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, टिचकी, हे शेवटचं.

एव्हाना अख्खा वर्ग त्याला मामा म्हणायला लागला होता, आणि मागच्या बाकावरच्या एकाने त्याला खोडरबरही उसनं मागितलं होतं.

मधल्या सुट्टीत टिचकी पाणी प्यायला गेली आणि मामाने विचार केला. विचार करणं ही त्याची चूक. कुरकुर म्हणजे त्याच्या रोजच्या धंद्यातली गोष्ट. नट ढिला करायचा, मध्ये चामड्याचा तुकडा सरकवायचा, नट आवळायचा, दोन मिनिटांचं काम. पाना त्याच्या खिशात असतोच. त्याने बाकाखाली शिरून नट काढला, चामडं शोधायला दुसऱ्या खिशात हात घातला, आणि घंटा झाली. पोरं आत धावली, कुणाचा तरी पाय लागला आणि नट वर्गाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. मामाने घाईघाईने बाकाचा सुटलेला पाय दोन गुडघ्यांत दाबून धरला, पट्टी टाचेखाली दाबली, आणि तसाच बसला. गंमत अशी की कुरकुर अगदी थांबली. टिचकीने त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघितलं.

तास गणिताचा होता. सर आधीच चिडलेले होते, कारण घंटेच्या प्रकरणापासून शिपाई त्यांना बघून हसत होता. त्यांनी फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला, वर्गभर नजर फिरवली आणि ती मामावर ठेवली.

"मामा, उभे राहा. हे सोडवा."

आता मामा उभा राहिला की बाक जाणार, बाकावरची टिचकी जाणार, पट्टीला जोडलेली पुढची-मागची दोन्ही बाकं जाणार, आणि सगळं टिचकीच्या नावावर जाणार. कारण सांगावं तर शाळेचं सामान मोडल्याची कबुली, म्हणजे तेही तिच्याच नावावर. मामाने आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"नाही."

सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत सांगितलं. मामाने परत नाही म्हटलं, या वेळी डोळ्यांत पाणी आणून. सरांना ते पाणी दिसलं नाही, फक्त नकार दिसला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. टिचकी दात आवळून कुजबुजली, मामा, ऊठ ना. मामाने नकारार्थी मान हलवली. तिला वाटलं मामा बिघडला.

सरांनी मोठ्या बाईंना बोलावलं. बाई आल्या. मामाला चपला दिसल्या.

"अहो, वीस वर्षांत या शाळेत मला कुणी बसून उत्तर दिलं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "उठा."

चपलांनी उठा म्हटलं की मामाचे पाय कुणाचं ऐकत नाहीत. तो उभा राहिला. आधी त्याचं बाक गेलं. मग पुढचं, मग मागचं. वह्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या आणि नऊ मुलं सावकाश जमिनीवर आली. कुणाला लागलं नाही, पण पाणी सरांच्या बुटापर्यंत गेलं. या सगळ्यात टिचकी पाठ ताठ ठेवून, हाताची घडी न सोडता बसल्या जागी खाली गेली.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

मामाने तोंड उघडलं. तेवढ्यात खालून एक हात वर आला. टिचकी म्हणाली, "बाई, मी. नट मी काढला." तिला पाना दिसला होता. शनिवार गेला हे तिला कळत होतं. तरी हात खाली आला नाही.

मग मामा बोलला. अटी मोडून, अख्ख्या वर्गासमोर, बाईंच्या चपलांवरून नजर उचलून थेट चेहऱ्याकडे बघत बोलला, "नाही बाई, मी केलं. ती खोटं बोलतेय." आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की खोटं बोलणं हाही त्या शाळेत गुन्हा आहे आणि आपण तोही तिच्या नावावर टाकलाय. तो म्हणाला, "म्हणजे खोटं नाही, बाळा, म्हणजे..." आणि थांबला. बाळा म्हणायचं नव्हतं.

बाईंनी पायाजवळची एक वही उचलून ठेवली. मग म्हणाल्या की मुलगी आज चांगली वागलीय; बाक कोसळताना हाताची घडी न सोडणारी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. गडबड पालकाची आहे. पण पालकाचा दिवस पुरा झालेला नाही, तेव्हा तो उद्या पुरा करावा लागेल. आणि या पालकाला एकट्याला बसवणं धोक्याचं आहे.

"तुमच्या घरी मोठं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"ताई," मामा म्हणाला.

"उद्या त्यांना घेऊन या. शेवटच्या घंटेपर्यंत सगळं नीट झालं तर ही शनिवारी पळेल."

(पळाली. पहिली आली. ते आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगायला वेगळंच आहे.)

घरी ताईने सगळं ऐकून घेतलं. शाळेने पालक बोलावलेत हे तिला कळलं. कुणाचे ते कळेना. मामाने स्वतःकडे बोट दाखवलं. ताई आधी हसली, मग ड्यूटी बदलायला कुणाकुणाचे पाय धरावे लागणार हे आठवून हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने केसांना पाणी लावलं, बूट पुसले, पाना घरी ठेवला आणि घाबरून दोन कप चहा प्यायला. बाकावर भिंतीकडून टिचकी, मग मामा, मग ताई. दुरुस्त केलेल्या बाकावर मामा मूर्तीसारखा बसला. भाषा झाली, इतिहास झाला, मधल्या सुट्टीतही तो जागचा हलला नाही. गणिताच्या सरांनी फळ्यावर कालचाच अपूर्णांक लिहिला. थोड्या वेळाने मामाचा हात वर गेला. अख्खा वर्ग वळला. सरांचा खडू थांबला. टिचकीने डोळे मिटून घेतले.

"बोला, मामा," सर चक्क मऊ आवाजात म्हणाले.

"सर," मामा म्हणाला, "बाहेर जाऊन येऊ?"

सर काही बोलायच्या आत ताई सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरून निघताना विचारलं होतं ना तुला?"