संध्याच्या लग्नातले टाकाऊ फोटो

नाटे गावात फोटो स्टुडिओ एकच, दीपेशचा. त्यामुळे गावातला सर्वात थोर फोटोग्राफरही तोच! त्यात त्याला हल्ली कॉम्प्युटरला हुकूम सोडता यायला लागले होते. हातानं फोल्डर पुसणं आता त्याला कमीपणाचं वाटे.

"स्क्रिप्ट लिहिलीय!" तो बायकोला, अक्षयाला म्हणाला. "तिला फक्त नाव सांगायचं. ती पुसणाऱ्या प्रोग्रॅमला सांगते, तो पुसतो. आपण चहा प्यायचा!"

संध्याच्या लग्नाचे निवडक फोटो 'संध्या' या फोल्डरात होते. मिटलेले डोळे, वाकडी तोंडं असला माल 'संध्या नको'मध्ये. दीपेशनं ऐटीत हे दुसरं नाव स्क्रिप्टला दिलं आणि चहाला बसला.

येऊन बघतो तर 'संध्या' गायब! 'संध्या नको' मात्र जागेवर, ठणठणीत!

"स्क्रिप्टमध्ये नावाला अवतरणचिन्हं घातलीस?" अक्षयानं विचारलं. ती ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर सांभाळायची.

"कशाला?"

"अरे देवा! नावात मोकळी जागा आहे ना? तिथे त्याचे दोन तुकडे झाले. पुसणाऱ्यानं आधी 'संध्या' पुसलं, मग 'नको' शोधत बसला!"

"सापडलं?"

"नुसतं 'नको' आहे कुठे आपल्याकडे?"

कॅमेऱ्याचं कार्ड कालच पुढच्या लग्नासाठी रिकामं केलेलं. लग्नानंतर माहेरी आलेली संध्या आजच्याच एसटीनं सासरी मुंबईला परत निघणार होती, आणि दारात ती उभी! सोबत तिचा बाप, खंडू तांडेल.

"झालां काय रे काम?" खंडूनं विचारलं.

"झालं की! या वेळी जरा वेगळी निवड केलीय," दीपेश छाती काढून म्हणाला. आणि त्यानं गुपचूप 'संध्या नको' उघडलं.

पडद्यावर भटजींची जांभई आली. मग लाडू कोंबणारी करवली. खंडूच्या कपाळाची शीर तटतटली. आणि मग खुद्द खंडूच आला, मांडवामागे टॉवेलात तोंड खुपसून ढसाढसा रडताना!

"तो काढ आधी!" खंडू गरजला. "चुलीचा धूर गेलेला डोळ्यात!"

संध्या काही हलेना. "बाबा, पाठवणीला तुमी कुठे गेलात, मला कळलाच नाय. मला वाटला, कंटाळलात."

खंडूनं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हे सगळे दे रे दादा," संध्या डोळे पुसत म्हणाली.

दीपेशची मान लगेच ताठ झाली. "शेवटी कलाकाराची नजर लागते!"

"व्हय तर! साखरपुड्यापासून बघत्येय तुझे फोटो," संध्या म्हणाली, "पहिल्यांदाच बरे काढलेस!"