नानांचा लव्हाळा

आमच्या अंगणातलं पहिलं लॉन मी स्वतःच्या हातांनी मारलं. हे शब्द बायकोचे. मी नुसतं 'ते गेलं' म्हणतो. झालं एवढंच, की नव्याने लावलेल्या कोवळ्या गवतातून लव्हाळा डोकं काढू लागला. मी बाजारातून तणनाशकाची बाटली आणली, भाड्याचा पंप पाठीवर चढवला आणि आपण शेतकऱ्याचे नातू आहोत या तोऱ्यात सगळं अंगण एका दमात फवारून काढलं. आठवड्याभरात लॉन पिवळं झालं, मग तपकिरी, मग नुसती माती. लव्हाळा तेवढा चार दिवस मान टाकून पडला आणि पुन्हा खालून ताठ वर आला. आता सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.

कुंपणापलीकडून शेजारचे नाना हे बघत होते. ते धोतर सावरत आत आले, उकिडवे बसले आणि गवताची एक काडी ओढली. ती मुळासकट हातात आली.

"भाऊ, तान्हा पोऱ्याले दारू पाजी का तुम्ही?"

"तणनाशकच होतं, नाना."

"मंग गवत काय तन नही शे का? हाई बांधवर मारानं औषध शे. हिरवं दिसनं का मारस. मुळ्या धरेल जुनं गवत एखादं औषध पचाडी लेस. तुमनं ते कालदिन लायेल शे!" मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "अन बठ्ठं एकदम मारं? पहिले कोपरामा देखानं ना!"

'पहिले कोपरामा' हे नानांचं अख्खं तत्त्वज्ञान. धरणगावकडे त्यांची कपाशी होती आणि गावात खता-औषधांचं दुकान. कंपनीचा माणूस नवीन औषध घेऊन आला, की नाना ते आधी स्वतःच्या शेताच्या कोपऱ्यात मारून बघत आणि मगच गिऱ्हाइकाला देत. दुकान बंद झालं, सवय राहिली. केसांना नवा कलप आणला तेव्हा तो आधी फक्त डाव्या कानामागे लावला आणि त्या काळ्या ठिपक्यासह एका लग्नाची पंगत झोडली. नवी चप्पल आधी एकाच पायात घालतात, दुसऱ्या पायात जुनी. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी ऐन मे महिन्यात मागच्या खोलीत पंखा बंद करून बसवलं होतं. "घाम येस तव्हय मानूस समजस," म्हणाले. मुलगा हसत बसला आणि जावई झाला. भरिताच्या पार्टीला मिरची किती पडली हे बघायचं असलं, की नाना पहिला घास मला देतात. मी त्याला शेजारप्रेम समजत होतो. माझा कोपरा होतोय हे कळायला मला बराच काळ लागला.

नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का जळगावला आले ते नानांच्या छातीत दुखल्यानंतर. डॉक्टरांनी गावाचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. मुलगा हेमंत पाइपच्या कारखान्यात, सून शाळेत. नाना कॉलनीत रमले. अक्कांचं मात्र जमेना. भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन, वाटायला मिक्सर. जन्मभर राबलेले हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसायच्या. मग एखाद्या संध्याकाळी लुगड्यांचं गाठोडं बांधून दारात आणून ठेवायच्या. "माले गावले धाडा. आठे मनं काय काम शे?" त्या दिवशी नाना गप्प असायचे. गप्प नाना ही आमच्या कॉलनीत भारनियमनापेक्षा मोठी बातमी.

हेमंतने लॉन लावलं त्या पावसाळ्यापासून गाठोडं निघायचं कमी झालं. लॉनमध्ये लव्हाळा आला. अक्का खुरपं घेऊन बाहेर आल्या आणि रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन तण निंदायला बसू लागल्या.

इकडे माझं दुसरं लॉन नानांच्या देखरेखीखाली वाढलं. आधी मुळ्या धरू दिल्या, दोनदा कापू दिलं. मग दुसरंच औषध आणवलं, फक्त लव्हाळ्यावर चालणारं. तेही तुळशीमागच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातलं गवत हिरवं राहिलं तेव्हा कुठे पंपाला परवानगी मिळाली. माझं लॉन गालिच्यासारखं झालं. नानांचं मात्र लव्हाळ्याने भरलेलं.

"सगळ्या कॉलनीला शिकवतात आणि घरचं बघा," हेमंत वैतागून म्हणाला. "काका, तुम्ही तरी सांगा ना बाबांना."

मी सांगितलं. नाना म्हणाले, "आते नवं शे. मुळ्या धरू द्या." ते नवं लॉन तेव्हा दुसरा पावसाळा बघत होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण माझ्या वाफ्यांतून उपटलेला लव्हाळाही ते मुळांच्या गाठींसकट पिशवीत भरून नेऊ लागले. "उटनामा लागस," म्हणाले. दिवाळी पार लांब होती.

एका दुपारी मी हाफ डे टाकून घरी आलो. ऊन असं, की कुत्री गाड्यांखाली शिरलेली. आणि नाना डोक्यावर टॉवेल टाकून लॉनमध्ये बसलेले. काडीने भोक पाडायचं, पिशवीतली एक गाठ आत सोडायची, माती दाबायची, तांब्यातलं पाणी घालायचं.

"नाना! लव्हाळा लावताय?"

ते दचकले. तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. ती झोपेल शे."

मी कुंपणाला लागून उभा राहिलो.

"तिनी बठ्ठा निंदी टाका," नाना कुजबुजले. "एक पान ठेवं नही. काल सांजले गाठोडं काढं." त्यांनी आणखी एक गाठ मातीत ढकलली. "ती गई ते मी कोनासंगे बोलू, भाऊ? हेमंत सकाळले जास, रातले येस. सून गुणी शे, पन मी बोलाले लागनू का टीव्ही लाई देस."

मी फाटक उघडून आत गेलो आणि त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो.

"इतकी खोल नका घालू," नाना म्हणाले. "उगाले येळ लागी."

संध्याकाळी चहा घेताना मी बायकोला हे सांगितलं. मोठं गुपित सांगतोय अशा आवाजात. ती बिस्किट बुडवत म्हणाली, "अक्कांना माहीत आहे."

"कसं शक्य आहे?"

"जन्मभर कपाशी निंदलेली बाई ती. मला हाताला धरून दाखवलं त्यांनी. म्हणाल्या, 'देख वं माय, तन कधी ओळमा उगस का? ह्या मानूसनी सवय जात नही.'"

"मग त्या नानांना काही बोलत नाहीत?"

"बोलतात की. रोज सकाळी खुरपं घेऊन बसल्या, की त्यांना ऐकवतात, 'आठली जमीनच मोठी खराब शे. मी गई ते तुमनं कसं व्हई?'"