बोटीत बोलायचं नाही

आमच्या सासूबाई जिथे येऊच शकत नाहीत अशी एक जागा या जगात आहे, आणि ती मी शोधून काढली! अगदी एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय! ती जागा म्हणजे पाणी. सासूबाईंना पाण्याची इतकी धास्ती, की बादली काठोकाठ भरली तरी नळ बंद करायला त्या मला हाक मारतात. "पाण्याच्या मी वाऱ्यालासुद्धा उभी राहणार नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्या फक्त बोलतात. मी भाजी चिरत असले की चिरण्याबद्दल बोलतात, चिरून झाली की चिरलेल्या भाजीबद्दल बोलतात. आणि मी नोकरी करते पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीवर. पाणी आलं नाही म्हणून लोक मला बोलतात, आलं तर गढूळ आलं म्हणून बोलतात. तिथे उलट बोलायची सोय नाही, घरी तर नाहीच नाही. माझ्या कानांना रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती.

ती मिळवून दिली आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. माझ्या दाढेत यंत्र घालून त्या म्हणाल्या, "आमचा बायकांचा हौशी संघ आहे, ड्रॅगन बोटीचा. पोहता येतं ना? मग या रविवारी ये." तोंड उघडं असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. मी नुसतंच "आँ" म्हटलं, त्यांनी ते हो धरलं.

बोट म्हणजे लांबलचक, चिंचोळी, पुढे लाकडी ड्रॅगनचं तोंड. जोडीजोडीने बायका बसतात आणि वल्ही मारतात. डॉक्टरीणबाई सगळ्यात मागे सुकाणू धरून उभ्या राहतात, म्हणून त्यांना सगळ्या कॅप्टन म्हणतात. सवय मात्र दवाखान्यातलीच. "झालंच, झालंच, आता थोडंच राहिलं!" असं ओरडतात आणि तेव्हा तळ्याचा निम्मा फेरा शिल्लक असतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "बोटीत बोलायचं नाही! बोलणार दोघीच. मागे मी, आणि पुढे तोंड आपल्याकडे करून बसणारी ढोलवाली. पण आपली ढोलवाली नोकरी लागून दुसरीकडे गेली, तेव्हा सध्या मी एकटीच."

बोलायचं नाही! मी बोटीतल्या शेजारणीला मिठी मारायच्या बेतात होते. ही शेजारीण कपडे शिवते, म्हणून ती टेलरबाई. पहिल्या दिवशी तिने माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं आणि न विचारता माझ्या मापाचं लाइफ जॅकेट काढून दिलं.

काय सांगू तुम्हाला ते रविवार! नुसता वल्ह्यांचा आवाज आणि वारा. भाजी नाही, गढूळ पाणी नाही, "अगं ऐकलंस का" नाही. एकच उणीव होती. माझं वल्हं सगळ्यांच्या किंचित मागून पडायचं. "तुझा टाका उशिरा पडतो," टेलरबाई उतरल्यावर सांगायची. पण ते तेवढ्यावरच राहायचं.

आता माझी चूक. सराव संपायचा साडेआठला, आणि घरी मी सांगितलं होतं दहा. त्याला मी थाप म्हणत नाही, जरा सैल हाताने घेतलेलं माप म्हणते. उरलेल्या वेळात मी काठावरच्या बाकावर जॅकेटची उशी करून आडवी व्हायची. घरी गेल्यावर हाताचे फोड दाखवायची आणि "फार दमवतात हो!" म्हणायची. नवरा बिचारा चहा करून द्यायचा.

मग तो रविवार आला. मी कोरड्या कपड्यांची पिशवी घरी विसरले. बाकावर डोळे मिटून पडले होते, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"सराव चाललाय वाटतं?"

मी ताडकन उठले. समोर सासूबाई! हातात माझी पिशवी, मागे स्कूटरला टेकून उभा असलेला नवरा. पाण्यापासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढ्या लांब उभ्या होत्या, पण आल्या होत्या.

"आई! तुम्ही कशाला आलात?"

"ओल्या कपड्यांत बसून आजारी पडलीस तर करणार कोण? मलाच करावं लागेल. आणि हे काय, झोपायचा सराव आहे का?"

"मधली सुट्टी आहे, आई! आता दुसरी फेरी!"

हे मी जरा मोठ्याने बोलले. कॅप्टन तिकडे बोट बांधत होत्या. बायका लवकर पळतात, दोन फेऱ्या कुणी करत नाही, अशी त्यांची जुनी कुरकुर. त्यांनी ते शब्द झेलले.

"दुसरी फेरी? वा! मी केव्हापासून म्हणतेय! चला गं सगळ्या, बसा पुन्हा!"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांबद्दल न बोललेलं बरं. टेलरबाईने तोंडापाशी नेलेला चहा तसाच पुन्हा थर्मासमध्ये ओतला.

मी खाली मान घालून बोटीकडे निघाले, तर कॅप्टन सासूबाईंना न्याहाळत उभ्या. "काकू, तुमचं वजन किती हो?"

"का? मी काय चोरून खाते की काय?"

"तसं नव्हे! ढोलवाली हलकी लागते आणि आवाज खणखणीत लागतो. शर्यत जवळ आलीय आणि ढोलवालीशिवाय शर्यतीत घेत नाहीत. आजच्यापुरतं बसून बघता?"

मला हसू आलं. सासूबाई आणि बोटीत! मी घाईघाईने म्हणाले, "छे हो! आई पाण्याच्या वाऱ्यालासुद्धा उभ्या राहत नाहीत. त्यांना जमायचंच नाही!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं गप्प! सासूबाई स्वतःच नाही म्हणणार होत्या, शब्द ओठांवर आला होता. पण माझं ऐकून त्यांनी पदर खोचला.

"तू कोण सांगणारी मला काय जमायचं ते? कुठे बसायचं हो?"

त्यांनी दोन जॅकेटं चढवली, एकावर एक. नवऱ्याने एक हात धरला, टेलरबाईने दुसरा. डोळे घट्ट मिटून त्या बोटीत उतरल्या आणि पुढच्या उंच बैठकीवर ढोलाला कवटाळून बसल्या. मी दुसऱ्या रांगेत. मध्ये फक्त दोन पाठी, आणि त्यांच्यामधून थेट सासूबाई.

"काकू, एक ठोका, एक वल्हं. आणि तोंडाने ओरडत राहायचं, टीमला जोर आला पाहिजे."

"मी बोललं तर चालतं?"

"बोललंच पाहिजे!"

"आणि ह्यांनी उलट बोलायचं नाही?"

"अजिबात नाही!"

सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आमच्या लग्नातसुद्धा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

ढम्!

"सगळ्यांचं पाणी एकदम उडतं." ढम्! "हिचंच मागून का?" ढम्! "घरी पण अस्संच!" ढम्! "हाक मारली की आले, आले!" ढम्! "आणि येते कधी?" ढम्! "भाजी गार झाल्यावर!" ढम्!

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे चांगली उत्तरं होती! पण नियम म्हणजे नियम. मी ती सगळी उत्तरं वल्ह्यात घातली आणि पाणी ओढलं. आश्चर्य म्हणजे बोट पळायला लागली. नुसती पळायला नव्हे, सुसाट! पुढच्या बाया दात खाऊन ओढत होत्या, मागच्या हुंकार देत होत्या. काठावर आलो तेव्हा कॅप्टन घड्याळाकडे पाहून थक्क.

"इतका जोर आज आला कुठून गं?" मी धापा टाकत टेलरबाईला विचारलं.

"मला माझ्या सासूबाई आठवल्या," ती म्हणाली. "जाऊन किती वर्षं झाली, तरी हात आपोआप चालला."

प्रत्येकीला कुणी ना कुणी आठवलं होतं. एकीला नणंद, एकीला साहेब, एकीला वरच्या मजल्यावरची बाई. कॅप्टनने जाहीर केलं, "काकू, शर्यतीपर्यंत ढोल तुमचाच!"

तिथून माझे हाल सुरू झाले. दर रविवारी माझा संसार तळ्यावर ढोल वाजवून जाहीर व्हायचा. मी गॅसचं बटण कधी तपासत नाही, मोजे कुठे फेकते, दूध किती वेळा उतू घालवलं, सगळं! बायकांना ते इतकं ओळखीचं झालं, की एक दिवस वाण्याच्या दुकानात बोटीतल्या मागच्या रांगेतली एक जण मला म्हणाली, "मोजे सापडले का?" मला रडू यायचं बाकी होतं. ती शांतता माझी होती, स्वतः शोधलेली होती, आणि ती माझ्या हातून गेली होती.

शेवटी मी कॅप्टनना गाठलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, आपण दर वर्षी शेवटचे येतो. यंदाही शेवटचे आलो तर कॉलेजातली एखादी मुलगी बघू. पण एका जरी बोटीला मागे टाकलं ना, तर काकूंना मी सोडत नाही!"

म्हणजे काम सोपं होतं. दर वर्षी जे आपोआप होतं तेच व्हायला हवं होतं. तरी हयगय नको म्हणून मी ठरवलं, शर्यतीत वल्हं पाण्याला फक्त दाखवायचं. ओढायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी तळ्यावर ही गर्दी! शिट्टी वाजली आणि सासूबाईंनी सुरुवात केली. "आज तरी वेळेवर ये!" ढम्! मी ठरल्याप्रमाणे वल्हं बुडवत होते आणि रिकामंच काढत होते. टेलरबाई डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती.

निम्म्यावर आलो आणि शेजारची बोट अगदी खेटून गेली. तिची लाट आमच्या बोटीवर आदळली, ड्रॅगनचं तोंड वर उचललं गेलं, सासूबाई डोक्यापासून भिजल्या. आणि ढोल थांबला.

त्यांनी ढोल दोन्ही हातांनी कवटाळला होता. ओठ पांढरे पडले होते. आवाज नाही. मागून कॅप्टन ओरडत होत्या, पण गर्दीच्या कल्लोळात काही ऐकू येईना. कुणाचं वल्हं कुठे, कुणाचं कुठे.

मला हवी होती ती शांतता समोर बसली होती. खोटं कशाला सांगू, मला ती मुळीच आवडली नाही. सासूबाई एकटक माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेत कसलीच तक्रार नव्हती. म्हातारं माणूस घाबरलेलं होतं, एवढंच.

"घाबरू नका" म्हटल्याने त्यांची भीती जाणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक. मी नियम मोडला. सगळा दम एकवटून ओरडले,

"आई! घरी गॅस चालूच राहिला!"

"काय?"

"विसरले बंद करायला!"

ढम्! "शंभरदा सांगितलं!" ढम्! "बटणाला हात लावून बघ!" ढम्! "ऐकते का कुणाचं?" ढम्! "घर जाळशील एक दिवस!" ढम्! ढम्! ढम्!

त्यानंतर मी ओढलं. अगदी मनापासून ओढलं, ओढायचं नाही असं ठरवलं होतं ते पार विसरून. आणि आम्ही शेवटून दुसऱ्या आलो!

शेवटून दुसऱ्या! आम्ही एवढा आरडाओरडा केला, की पहिल्या आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. कॅप्टन चक्क रडल्या. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना उतरवलं.

"आई, गॅस बंद आहे हो. मी उगाचच ओरडले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, कसाबसा निघत होता. "निघताना मीच बघून आले ना बटण."

"मग एवढं बोललात कशाला?"

"मग काय करणार होते? केव्हाची तुझ्याकडे बघत होते, काहीतरी बोल म्हणून. तर तू तिथे पण उशिरा!"

टॉवेल काढून मी त्यांचे केस पुसले. त्यांनी पुसू दिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा आवाज पूर्ण गेला. घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही! मी सहानुभूतीने मान हलवली आणि मनात उड्या मारल्या. संध्याकाळी कामावरून आले, पाय खुर्चीवर टाकले. नवरा पेपर वाचत होता. आमच्या घरात घड्याळाची टिकटिक असते, हे मला त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातून गेली होती. कॅप्टनने सासूबाईंना पुढच्या शर्यतीच्या तयारीसाठी ढोल घरी दिला होता.

सासूबाईंच्या चहाच्या वेळेला आतल्या खोलीतून आवाज आला. ढम्!

नवऱ्याने पेपर टाकला, मी खुर्ची सोडली. दोघंही एकाच क्षणी उठलो आणि एकाच क्षणी चहाच्या भांड्याला हात घातला. इतके महिने तळ्यावर जे जमलं नव्हतं ते त्या संध्याकाळी जमलं. माझा टाका पहिल्यांदाच वेळेवर पडला!