कडुबाच्या गाडीचे शॉकअप

कडुबाच्या घरात उघडी वस्तू एकच, ती म्हणजे खुद्द कडुबा. बारा महिने उघड्या अंगानं फिरणार. बाकी सगळ्याला खोळ. रेडिओला खोळ, विळ्याला खोळ, सायकलच्या घंटीला खोळ. बैलांच्या शिंगांना तर उन्हाळ्याची वेगळी अन् हिवाळ्याची वेगळी. शिवणार तोच. "अण्णा, आत धूळ गेली की काम खल्लास," असं मला रोज ऐकवायचा.

मी वडीगोद्रीला त्याच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्याची सिंधू शाळेत जात होती. बायको आधीच वारलेली. घरात बापलेक दोघंच. पुढं सिंधू लग्न होऊन वाटूरला गेली अन् घरातल्या खोळी वाढल्या.

एका साली मोसंबी चांगली गेली, तर ह्यानं जालन्याच्या एका डॉक्टरनं वापरून सोडलेली पांढरी मोटार आणली. मी तेव्हाच सांगितलं, घेऊ नको. ऐकलं न्हाई. मी चौथीत शाळा सोडली ती मास्तर चुकीचं शिकवत होता म्हणून. मला जे कळतं ते कळतं. मोटारीचं तोंड खड्ड्यात असं आदळायचं की बसणाऱ्याची टोपी छताला लागायची.

अशात सिंधूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. कडुबा तिला आणायला वाटूरला गेला. व्याह्यानं गाडीत बसून गावाला एक चक्कर मारली, उतरून कंबर धरली अन् म्हणाला, "इवाई, ह्या गाडीत पोरगी पाठवली तर बाळंतपण रस्त्यातच व्हायचं." कडुबा रिकामी गाडी घेऊन परत आला. त्या दिवशी त्यानं अंगात सदरा घातला अन् अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली घुसला अन् हसतच बाहेर आला. पुढच्या दोन्ही शॉकअपमध्ये एक चकचकीत दांडा खालीवर होत असतो. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून रबराचा चुण्याचुण्यांचा बूट असतो. तो फाटला होता.

"बघा अण्णा, कारखानेवाल्यालाबी खोळ कळती! शॉकअपला काही झालं न्हाई. खोळ फाटली."

"शॉकअप गेलाय," मी म्हणालो. "नवा टाक."

"तुम्ही कव्हा पाह्यला शॉकअप?"

पाहिला नव्हता. पण म्हणून काय झालं?

त्यानं अंबडच्या बाजारातून बकऱ्याचं कातडं आणलं अन् दोन्हीकडे बेतून शिवलं. शिवण बघण्यासारखी होती. कातडं मात्र नीट कमावलेलं नव्हतं. गाडी गल्लीतून निघाली तशी गावातली कुत्री पुढच्या चाकांवर तुटून पडली. हायवेपर्यंत आम्ही वरातीसारखे गेलो. कडुबा काच खाली करून एकेका कुत्र्याला नावानं शिव्या देऊन राह्यला होता.

हायवेला युनूस मिस्त्रीचं दुकान. त्यानं वाकून पाहिलं, उठला, परत वाकून पाहिलं.

"चाचा, मोटार है के बकरा?"

"खोळ हाय ती."

"खोळ बराबर है. पर अंदर का आदमी मर गया. बूट फटा, मिट्टी घुसी, तेल गळून गेलं. आता काय झाकून राह्यले?"

कडुबानं माझ्याकडे पाहिलं. मी हायवेकडे पाहिलं. माणसानं जिंकल्यावर बोलू नये.

"डावाच जास्त गेलाय. डावाच बदल," कडुबा म्हणाला.

"एक बैल बुढ्ढा, एक जवान, ऐसी जोडी जुंपते क्या तुम?"

हे कडुबाला बिलकुल पटलं. नवे शॉकअप जोडीनं आले. आत दणका झेलणारे रबराचे गुटके भुगा झालेले, तेही नवे. मिस्त्री स्प्रिंग आवळून धरत होता अन् कडुबा प्रत्येक तुकडा स्वतःच्या धोतरानं पुसून देत होता. शेवटी म्हणाला, "बूट खालूनबी शिवून टाकू का?"

"चाचा, उसको सांस तो लेने दो!"

मंग परीक्षा. मला मागच्या सीटवर बसवून मांडीवर काठोकाठ भरलेली ताकाची चरवी दिली. ताक सांडलं तर शॉकअप परत खोलायचा, असं ठरलं. सगळ्यात वाईट रस्त्यानं नेऊन आणलं. एक थेंब सांडला न्हाई. कडुबा शॉकअपचं कौतुक करायला लागला. चरवी धरली कोणी, हे त्याला दिसलंच न्हाई.

तिथूनच आम्ही वाटूर गाठलं. व्याह्यानं पुन्हा चक्कर मारली. कंबर धरली न्हाई. चहा झाला. मंग खाली बघत म्हणाला, "गाडी झाली बराबर. पन इवाई, खरं सांगू का? तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई. लेकराला न्हाऊ कोण घालील?"

"माझी बायको मेली का?" मी उठलोच. "भिंतीला भिंत हाय आमची!"

"अण्णा, बसा तुम्ही," कडुबा म्हणाला.

त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं घेतलं, गुंडाळलं, अन् सगळ्यांसमोर जमिनीवर पाय लांब करून बसला. उपरणं नडग्यांवर पालथं घातलं. "पाणी आधी कोपरानं बघायचं. हाताला कळत न्हाई, हात निबर असतो. मंग पाठ. कानात पाणी जाऊ द्यायचं न्हाई."

विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "उताणं करताना?" त्यांनी विचारलं.

कडुबाचा डावा हात उपरण्याच्या एका टोकाखाली गेला, जिथं मान असती तिथं. बोटं आपोआप पसरली.

"अन् रडलं तर?"

"बोलत राहायचं. आपला आवाज बंद झाला की ते जास्त भेतं."

"कुठं शिकलात हे?"

कडुबानं मान वर न करता विहीणबाईंच्या मागं उभ्या सिंधूकडे बोट केलं. "ती काय, उभी हाय."

सिंधू अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई गेली, हे त्यानं मला एवढ्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

विहीणबाई आत गेल्या अन् सिंधूची पिशवी भरायला लागल्या.

परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. मला ते सहन झालं न्हाई, मी बोलायला तोंड उघडलं. कडुबानं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर सिंधू पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

"हळू बोला, अण्णा," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."